इथे हात लावू नये

लुइक म्हणजे हंस. नाव एंडेलने ठेवलं.
पहिली आवृत्ती अकरा फ्लॉपींची,
बायकोच्या पावाच्या टोपलीत घालून
तो तार्तूच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसायचा,
आणि आठवी फ्लॉपी हमखास नासलेली निघायची.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
चुकलात तर एकच उत्तर : चूक.
काय चूक, ते तुमचं तुम्ही शोधा.

दुसरीला खिडक्या फुटल्या,
पालवी फुटते तशा. करड्या, उठावाच्या कडांच्या.
ऊन वरून, डावीकडून येतं
असं आम्ही सहा जणांनी कॉफी निवायच्या आत ठरवलं
आणि पुढे अकरा वर्षं
प्रत्येक बटणावर सूर्य तिथेच थांबला.

तिसरीत माऊस.
पोस्टातली हेल्यू तो उचलून
काचेवर इस्त्रीसारखा फिरवायची,
मग फोन करायची, हा काही ऐकत नाही म्हणून.

चौथी निळी.
हिच्यात एंडेलच्या चौदा ओळी आहेत.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पहाटे चारला,
आमच्याकडे घड्याळ मागे घेऊन पुन्हा तीन करतात.
एक तास दोनदा येतो.
दुसऱ्यांदा आलेल्या त्या तासाला
लुइक ओळखच देत नसे, जागच्या जागी गोठायचं.
दुरुस्त करावं, तर पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न.
शेवटी त्याने त्या ओळी लिहिल्या, आणि वर शेरा :
इथे हात लावू नये.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पाचवी यायच्या आधी एंडेल गेला.
ती चकचकीत निघाली, चोखलेल्या गोळीसारखी.
सहावीने कात टाकली. सावल्या गेल्या, कडा गेल्या,
सूर्य कुठे गेला, कुणी विचारलंही नाही.
सातवीला ना खोका ना तबकडी,
तारेतून रात्रीची येते,
माणसं झोपलेली असताना घर लावून ठेवते
आणि सकाळी माणसं शोधत बसतात,
अहो, कॉफीचा डबा कुठे ठेवलात?

मार्चमध्ये व्होरूकडच्या जंगलातून उनोचा फोन आला.
लाकूड वाळवायच्या भट्टीवर त्याच्याकडे अजून दुसरी आवृत्ती,
कारण भट्टीचा पंखा फक्त तिच्याशीच बोलतो.
टोपली घेऊन गेले.
आठवी फ्लॉपी तीनदा फुंकली, चौथ्यांदा वाचली गेली.
आणि भुशाने माखलेल्या काचेवर
वरून, डावीकडून,
ते ऊन.

मी विचारलं, ऑक्टोबरमध्ये अडकत नाही का हे?
अडकतं की, उनो म्हणाला.
भट्टी तापत राहते, फळ्या तडकतात.
मग मी उठतो चारला. बंद करतो,
एक तास इथे स्टुलावर बसतो, चालू करतो.
पंचवीस-सव्वीस वर्षं झाली.
मला वाटलं, ते असंच असतं,
शेगडीत लाकूड सारावं लागतं तसं.

मला सांगता आलं नाही
की ते चौदा ओळींचं काम आहे.

परवा केर्ली, आमच्यातली सगळ्यात लहान, म्हणाली,
ह्या चौदा ओळी काढून बघू या?
आता कशालाच लागत नाहीत बहुतेक.
बहुतेक, मी म्हटलं.
आठवीची तारीख ऑक्टोबरच्या आधीची आहे.

काढल्या का ते नाही सांगत.
त्या रविवारी पहाटे मी जागी होते एवढंच.
मोबाइलवर तीन एकोणसाठ. मग तीन.
खिडकीखाली नदी, रस्त्यावर कुणी नाही,
आणि तिकडे लोकरी मोजे घालून
एक माणूस स्टुलावर बसलेला,
तास पुन्हा एकदा जाईपर्यंत.